दरवाजे अनेक, कोठारें थोडीं

राजूर म्हणतांच जालना जिल्ह्यांतील मनुष्यास भोकरदन तालुक्यांतील गणपतीचें क्षेत्र आठवतें. अकोले तालुक्यांतील मनुष्यास तेथील राजूर. शोधयंत्राचें ज्ञान मात्र सूचीपुरतेंच. सूचींत नाहीं तें त्याच्या लेखीं जगांतच नाहीं.

सूचीचें मोल मराठी वाचकास नवें नाहीं. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूची १९४३ सालीं प्रसिद्ध केली. महाजालावर तेंच काम यंत्रें करितात. पण तेथें दरवाजे पुष्कळ, कोठारें थोडीं. २००८ सालीं निघालेलें डकडकगो बव्हंशीं बिंगच्या सूचीवर चालतें. परक्या कोठाराची किल्ली मालकाच्या हातीं! ऑगस्ट २०२५ मध्यें बिंगनें इतरांस सूची पुरविण्याची जुनी सोय बंद केली.

स्वतःचें कोठार भरणें खर्चाचें. जर्मनीच्या क्लिक्झला २०२० सालीं काम थांबवावें लागलें. त्याच मंडळींच्या श्रमांवर २०२१ सालीं ब्रेव्हचें शोधयंत्र उभें राहिलें. इंग्लंडचें मोजीक २००४ पासून स्वतःचीच सूची वाढवीत आहे. गूगलपुढें तीं लहान, आणि लहान सूचींत उणिवा अधिक. तथापि एकाच्या नजरेंतून निसटलेलें दुसऱ्यास सांपडूं शकतें. एकाच साक्षीवर न्याय होत नाहीं. मग एकाच सूचीवर ज्ञान कसें व्हावें?