डोंगराचें देणें

जपानच्या डोंगरांत 'बुना' नांवाचा एक वृक्ष उगवतो. युरोपांतील त्याच्या भाऊबंदांस बीच म्हणतात. आपल्या सह्याद्रींत तो नाहीं, म्हणून प्रथम त्याची ओळख करून देणें अवश्य आहे. त्याची साल राखेसारखी पांढुरकी व गुळगुळीत असते. हिवाळ्यांत कोंवळ्या झाडावरचीं पानें वाळून तांबूस होतात, परंतु गळत नाहींत. वसंतांत नवा कोंब फुटूं लागला म्हणजे मग तीं जागा सोडतात. या वृक्षाचें नांव लिहिण्याचें जें अक्षर जपानी लिपींत आहे, त्याच्या एका बाजूस 'झाड' आणि दुसऱ्या बाजूस 'नाहीं' अशीं दोन चिन्हें आहेत. लांकूड वाळतांना वांकतें, ओलाव्यांत लवकर कुजतें, म्हणून सुतारानें त्यास झाडांत गणलेंच नाहीं, असा त्याचा अर्थ लोक लावतात. कातारी त्याच्या वाट्या कातीत आणि कोळसेवाले कोळसा पाडीत, एवढाच त्याचा उपयोग. सुतारानें टाकलेल्या या झाडास माळ्यानें मात्र मानाचें पान दिलें. उथळ तबकांत लावलेला बुना बोन्सायच्या शौकिनांना फार प्रिय आहे.

बोन्साय म्हणजे तबकांत लावलेलें रोप. ही कला मूळची चीनची. तेथें 706 सालीं बांधलेल्या एका राजपुत्राच्या समाधीच्या भिंतीवर, हातांत लहानसें वनदृश्य घेऊन चाललेल्या सेवकाचें चित्र आहे. जपानांत 1309 सालच्या एका प्रसिद्ध चित्रपटावर तबकांतील झाडें काढलेलीं दिसतात. हीं बुटकीं झाडें आरंभीं आलीं कोठून? रानांतूनच. जुन्या वाड्याच्या भिंतींत रुजलेला पिंपळ आपण सर्वांनीं पाहिला आहे. मूठभर चुन्यावर तो वर्षानुवर्षें जगतो, उंच होत नाहीं, पण त्याचें खोड मात्र म्हाताऱ्यासारखें पिळदार होतें. कड्यावरील वारा, बर्फाचें ओझें, जनावरांचे दांत आणि मातीचा तुटवडा या चौघांनीं मिळून डोंगरांत हेंच काम शतकानुशतकें चालविलेलें असतें. अशा झाडास जपानी भाषेंत 'यामादोरी' म्हणतात. यामादोरी म्हणजे डोंगरावरून घेतलेलें.

या शौकाबरोबर त्याचा पश्चात्तापहि तितकाच जुना आहे. 1330 च्या सुमारास केंको नांवाच्या संन्याशानें लिहिलेल्या टिपणांत हिनो सुकेतोमो या सरदाराची एक गोष्ट आहे. पावसांत तो एका देवळाच्या दरवाजाशीं उभा असतांना तेथें जमलेले विकलांग भिकारी त्यास दिसले. प्रथम त्याला त्यांचें कौतुक वाटलें, मग त्या कौतुकाचाच वीट आला. घरीं जाऊन त्यानें आपलीं सर्व वेडींवांकडीं कुंडींतील झाडें उपटून टाकविलीं. उलट 'हाचि नो कि' या नो-नाट्यांत दरिद्री सामुराई गेंझाएमोन बर्फाच्या रात्रीं आलेल्या अनोळखी साधूस ऊब मिळावी म्हणून आपलीं आलुबुखार, चेरी आणि पाइन हीं जपलेलीं तीन झाडें चुलींत घालतो. तो साधु प्रत्यक्षांत राज्याचा माजी कारभारी होजो तोकियोरी निघतो आणि तीन झाडांच्या बदल्यांत तीन गांवें इनाम देतो. झाड हें अखेर प्रेमाचें साधन आहे, त्यासाठीं माणुसकी गहाण पडतां कामा नये, ही समज या दोन्ही गोष्टींत आहे. परंतु डोंगराचें काय, हा प्रश्न त्या काळीं कोणी विचारला नाहीं. डोंगर मोठा होता आणि शौकीन थोडे होते.

1868 च्या राज्यक्रांतीनंतर हें प्रमाण बदललें. पूर्वीं सरदारांच्या बागांत असलेली कला नव्या धनिकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरीं आली. 1914 सालीं टोकियोच्या हिबिया उद्यानांत बोन्सायचें मोठें सार्वजनिक प्रदर्शन भरलें. मागणी वाढली, आणि रानांतील झाडें खणून आणणें हा धंदा झाला. सर्वांत अधिक किंमत आली ती शिम्पाकु नांवाच्या जुनिपर कुळांतील झाडास. त्याचें अर्धें खोड वठून हाडासारखें पांढरें पडतें आणि सालीच्या उरलेल्या एका पट्ट्यावर हिरवी पालवी जिवंत राहते. 1910 च्या सुमारास सुझुकी ताहेई यानें इतोइगावाजवळील चुनखडीच्या कड्यांवर या झाडांचा नवा सांठा शोधून काढला. मग कमरेला दोर बांधून माणसें त्या कड्यांवरून खालीं उतरूं लागलीं. कित्येकांचा त्यांत जीव गेला. कांहीं दशकांतच हातीं लागण्याजोगे कडे ओस पडले. कुनाशिरी बेटावरून येणाऱ्या एझो स्प्रूसची वाट तर 1945 सालीं तें बेट रशियाच्या ताब्यांत गेल्यावर एकाएकीं बंद झाली.

बुनाच्या वाट्यास एवढी धांवपळ आली नाहीं. परंतु तो खणण्यास लागणारा संयम पाहिला म्हणजे चोर आणि कसबी माणूस यांतील भेद कळतो. जपानी समुद्राकडील उतारांवर पुरुषभर बर्फ पडतें; त्याच्या भारानें कोंवळीं खोडें बुडाशीं वांकून जमिनीवर लोळतात. तेथील बुनाचीं पानें मोठीं असतात, प्रशांत महासागराच्या बाजूस लहान. तबकांत लहान पान शोभतें, म्हणून फुजी पर्वताकडील बुनास शौकीन अधिक मान देतात. झाड निवडल्यावर जाणता माणूस तें त्याच दिवशीं उचलीत नाहीं. वर्षभर आधीं भोंवतीं चर खणून तो जाड मुळें तोडतो आणि चर भरून टाकतो, म्हणजे खोडाजवळ तंतुमुळें फुटतात. पुढच्या वर्षीं हिवाळा सरतांना, कळ्या उमलण्यापूर्वीं, तें झाड निघतें. बुनाच्या मुळांशीं एक प्रकारची बुरशी सलोख्यानें नांदते व त्यास अन्न मिळवून देते. यास्तव मूळची माती सगळी धुवून टाकीत नाहींत. नंतर दोन-तीन वर्षें झाड लांकडी पेटींत नुसतें जगूं द्यावयाचें, कात्री लावावयाची नाहीं. बुनास वर्षांतून बहुधा एकदांच पालवी फुटते आणि सारा जोर शेंड्याकडे धांवतो. कोंब उलगडत असतांनाच तो नखानें खुडावा लागतो. थोड्या दिवसांची हयगय झाली कीं वर्ष वायां जातें. त्याच्या नितळ सालीवर पडलेला व्रण दीर्घकाळ लपत नाहीं. घाईनें उपटून आणलेलीं झाडें बहुशः मरतात, आणि मेलेल्या झाडाबरोबर डोंगराचें शंभर वर्षांचें काम मातीमोल होतें.

1923 च्या भूकंपानें टोकियोंतील बोन्सायच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. त्यांपैकीं कांहीं माळ्यांनीं 1925 सालीं शहराच्या उत्तरेस ओमिया येथें एक गांवच वसविलें. प्रत्येक घरीं निदान दहा बोन्साय असावींत, फाटक सर्वांस उघडें असावें, घरावर मजला चढवूं नये आणि कुंपण झाडांचेंच असावें, असे तेथील नियम होते. ज्यांनीं डोंगरावरून घेतलें त्यांनीं तें दाराआड कोंडून न ठेवतां सर्वांस दाखवावें, ही उदार दृष्टि त्या नियमांत होती. घेणें मात्र अजून थांबलें नव्हतें.

तें थांबण्याची वेळ आली ती अरण्यावरच कुऱ्हाड पडली तेव्हां. महायुद्धानंतर इमारती लांकडासाठीं 1950 नंतरच्या दशकांत जपान सरकारनें सुगी वृक्षाच्या लागवडीचा सपाटा लावला आणि 'झाड नाहीं' म्हणून हिणविलेल्या बुनाचीं विस्तीर्ण रानें तोडलीं गेलीं. आओमोरी आणि आकिता या प्रांतांच्या सीमेवरील शिराकामीच्या डोंगरांतून 1982 सालीं जंगलतोडीस सोयीची सडक काढण्याचें काम सुरू झालें, तेव्हां लोक जागे झाले. हजारों नागरिकांनीं लेखी हरकती घेतल्या आणि सडक थांबली. 1993 सालीं सुमारें 17,000 हेक्टरांचें तें बुनाचें अरण्य जागतिक वारसा ठरलें. आज तेथून एक रोपहि उचलतां येत नाहीं. अन्यत्रहि जमिनीच्या मालकाच्या संमतीवांचून रानांतील झाड काढणें गुन्हा आहे.

मग ही कला संपली काय? इतोइगावाच्या शिम्पाकुचीं कलमें आज माळ्यांच्या बागांत वाढत आहेत. बुना तर बियांपासूनच तयार करतात. बुनास दरवर्षीं बी धरत नाहीं; पांच ते सात वर्षांनीं एकदां भरघोस हंगाम येतो. त्या हंगामाचें बी पेरून, पांच, सात किंवा नऊ रोपें एकाच उथळ तबकांत लावून, माळी लहानसें रान उभें करतो. त्या रोपांची साल पांढरी होईपर्यंत लावणारा पुष्कळदां म्हातारा होतो. खोडास वयाचें गांभीर्य येतें तें त्याच्या मुलानातवंडांच्या देखरेखीखालीं.

डोंगरावरून आणलेल्या जुन्या झाडाकडे पाहून आपण माळ्याचें कौतुक करतों. परंतु त्या झाडाचें पुष्कळसें वय डोंगराचें असतें, माळ्याचें नसतें. बियांपासून वाढविलेल्या झाडाचें सगळें वय माणसाच्या निगेचें असतें. डोंगराचें देणें पूर्णपणें फिटत नाहीं, पण नवें कर्ज न काढणें माणसाच्या हातीं आहे. ओमियाच्या ज्या बागेंत हिवाळ्याच्या अखेरीस तबकांतील बुनावर तांबूस पानें अजून टिकून असतात, तेथील माळी तीं ओढून काढण्याची घाई करीत नाहीं. कोंब फुटला कीं तीं आपोआप गळतील, हें त्यास ठाऊक असतें.