३१ सप्टेंबरची बाकी

पेन ड्राइव्हने संगणकाशी कसं बोलायचं हे ठरवणाऱ्या यूएसबीच्या एका दस्तऐवजावर तारीख छापली आहे: ३१ सप्टेंबर १९९९. असा दिवस कुठल्याच कालनिर्णयात सापडायचा नाही. आत मात्र मोजमाप काटेकोर आहे. हुकमाचं पाकीट ३१ बाइटचं, उत्तराचं १३ बाइटचं. उत्तरातले चार बाइट 'रेसिड्यू'साठी राखलेले. रेसिड्यू म्हणजे आपल्या जमाखर्चातली बाकी: मागितलं किती, त्यातून हाताळलं किती ते वजा.

या बाकीचा माग काढत गेलं की आयबीएमच्या १९६४ सालच्या सिस्टिम/३६० पर्यंत पोचता येतं. तिथे आठ बाइटच्या हुकमात १६ बिटांचा आकडा असे. बाइट सरकतील तसा चॅनल, म्हणजे डेटाची ने-आण करणारा भाग, तो आकडा उतरवत नेई आणि उरलेला 'चॅनल स्टेटस वर्ड'मध्ये परत करी. टेपवरचा ब्लॉक किती लांब आहे हे आधी माहीत नसलं, तर प्रोग्रामर मुद्दाम जास्त मागत आणि बाकी वजा करून खरी लांबी काढत. लांबी जुळली नाही की चॅनल तक्रार करी. ती ऐकायची नसेल तर हुकमातच एक बिट लावून ठेवायची सोय होती.

पुढे डिस्क-टेपसारखी यंत्रं संगणकाला जोडणाऱ्या स्कझी या प्रमाणाच्या पिढीत घोळ शून्याने घातला. त्याच्या १९८६ च्या आवृत्तीतल्या सहा बाइटच्या वाचन-हुकमात लांबीला एकच बाइट मिळाला. त्यात २५५ पर्यंतच मोजता येतं, म्हणून शून्याचा अर्थ ठरला २५६ ब्लॉक. दहा बाइटच्या हुकमात लांबीला दोन बाइट आले आणि तिथे शून्य म्हणजे काहीच नाही. एटीए डिस्कच्या ४८ बिटी हुकमात तेच शून्य ६५,५३६ सेक्टर मागतं. लिनक्सच्या ड्रायव्हरने म्हणूनच मर्यादा ६५,५३५ वर बांधली; शून्य लिहायची वेळच नको.

यूएसबीने स्कझीचा हुकूम उचलून आपल्या पाकिटात घातला, आणि एकाच पाकिटात लांबी दोनदा आली. बाहेर ती बाइटमध्ये, आत ब्लॉकमध्ये. बाहेर लहान बाइट आधी, आत मोठा आधी. ६४ केबी वाचायचे असतील तर बाहेर हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, दिसतं ०० ०० ०१ ००, आत ०० ८०, म्हणजे ५१२ बाइटचे १२८ ब्लॉक. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आतले दोन बाइट उलटे ठेवले की ८० ०० होतात: ३२,७६८ ब्लॉक, १६ एमबी. संगणक ६४ केबीची वाट पाहतोय, यंत्र १६ एमबी ओतायला निघालंय.

दस्तऐवजाने अशा जुळण्या-न जुळण्याच्या १३ शक्यता मांडल्या आहेत, ही सातवी. म्हणून दोष शोधणारा आधी ट्रेस, म्हणजे तारेवरच्या देवाणघेवाणीची नोंद, उघडून तीन आकडे शेजारी मांडतो: पाकिटावरची लांबी, हुकमातली लांबी, आणि तारेवरून खरोखर आलेले बाइट.

तिन्ही जुळूनही बाकी चुकीची येते तेव्हा दोष यंत्राच्या फर्मवेअरमध्ये असतो. पूर्ण डेटा देऊनही भलतीच बाकी कळवणारी यंत्रं बाजारात आली, तेव्हा लिनक्सने त्यांची यादीच ठेवली. त्यांच्या नावापुढे एक खूण असते: 'इग्नोर रेसिड्यू'. ती दिसली की ड्रायव्हर त्या चार बाइटांकडे कानाडोळा करतो, आणि आलेले बाइट स्वतः मोजतो.