अयनदिनाचा सूर्य आणि नवे उपासक

जून महिन्याच्या २० तारखेची रात्र सरत आली, की दक्षिण इंग्लंडमधील सॅलिसबरीच्या पठारावर हजारो माणसे ईशान्येकडे तोंड करून उभी राहतात. पहाटे पाचच्या सुमारास सूर्य वर येतो. स्टोनहेंज या नावाने जगप्रसिद्ध असलेल्या प्रचंड शिळांच्या वर्तुळातून पाहिले असता तो 'हील स्टोन' नामक एकाकी दगडाच्या किंचित डावीकडून उगवताना दिसतो. ढोल वाजतात, शिंगे फुंकली जातात, पांढरे झगे ल्यालेले 'ड्रुइड' चारही दिशांना आवाहन करतात. जमलेल्यांपैकी पुष्कळजण केवळ हौसेने आलेले असतात; परंतु काहींच्या दृष्टीने तो धर्मविधीच असतो. हे लोक स्वतःस 'पेगन' म्हणवितात. २०११ साली इंग्लंड व वेल्समधील सुमारे ५७,००० लोकांनी जनगणनेत आपला धर्म 'पेगन' असा नोंदविला होता. २०२१ साली ही संख्या सुमारे ७४,००० झाली.

'पेगन' हा शब्द ख्रिस्ती वाचकांस नवा नाही. लॅटिन भाषेतील 'पागानुस' म्हणजे खेडवळ माणूस. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात ख्रिस्ती लोकांनी जुन्या देवतांच्या उपासकांना हे नाव दिले आणि ते हेटाळणीचे ठरले. तेच नाव आज काही माणसे अभिमानाने धारण करतात आणि आपला अयनदिनाचा सण हजारो वर्षे जुना असल्याचे त्यांच्यातील अनेकजण सांगत आले आहेत. दुसरीकडे, 'जुने मूर्तिपूजन पुन्हा डोके वर काढीत आहे' असे म्हणून काही ख्रिस्तीजन चिंतित होतात. या दोन्ही म्हणण्यांच्या तळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे हा सण प्राचीन असल्याची. ती कितपत खरी आहे हे इतिहासाच्या साहाय्याने तपासावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम निसर्गाचा विचार करू. २१ जूनच्या सुमारास सूर्याचे उत्तरेकडील सरकणे थांबते आणि दक्षिणायन सुरू होते. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. शिवाय जूनमध्ये आपले आभाळ पावसाळी ढगांनी भरलेले असते. त्यामुळे हा दिवस कधी आला नि कधी गेला हे आपणांस कळतही नाही. स्टोनहेंजच्या अक्षांशावर मात्र जूनमधील दिवस साडेसोळा तासांहून मोठा, तर डिसेंबरमधील दिवस आठ तासांहूनही लहान असतो. ज्या भूमीत उन्हाचे मोल इतके मोठे, तेथील माणसाने सूर्याच्या या थांब्याकडे लक्ष दिले नसते तरच नवल!

स्टोनहेंज उभारणाऱ्यांनी ते निश्चितपणे दिले होते. तेथील मोठ्या शिळा इसवी सनापूर्वी सुमारे २५०० वर्षे या काळात उभ्या झाल्या आणि त्यांचा अक्ष एका बाजूस उन्हाळी अयनदिनाच्या सूर्योदयाकडे, तर दुसऱ्या बाजूस हिवाळी अयनदिनाच्या सूर्यास्ताकडे रोखलेला आहे. यांपैकी त्या लोकांना कोणता क्षण अधिक पवित्र होता? जवळच्याच ड्यूरिंग्टन वॉल्स या वस्तीत डुकरांची असंख्य हाडे सापडली. त्यांच्या दातांवरून अनेक जनावरे नऊएक महिन्यांची असताना मारली गेली असे दिसते. ती वसंतात जन्मली असे धरले, तर मेजवान्या ऐन हिवाळ्यात झडत असणार. म्हणजे आज जूनमध्ये जेथे गर्दी लोटते, तेथील मूळ मोठा उत्सव बहुधा डिसेंबरातील होता!

ड्रुइडांचा आणि या शिळांचा संबंध तर त्याहूनही नाजूक आहे. ड्रुइड हे गॉल व ब्रिटन येथील केल्टिक लोकांचे पुरोहित. ज्यूलियस सीझरने त्यांचे वर्णन केले आहे. परंतु सीझर आणि शिळा उभारणारे लोक यांच्यात सुमारे अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. ही दोन टोके जोडली ती सतराव्या-अठराव्या शतकांतील विद्वानांनी. जॉन ऑब्री यांनी तर्क केला आणि विल्यम स्टकली यांनी १७४० साली ग्रंथ लिहून स्टोनहेंज हे ड्रुइडांचे मंदिर असल्याचे ठासून सांगितले. शिळांचा अक्ष उन्हाळी अयनदिनाच्या सूर्योदयाकडे आहे, हे प्रथम टिपणाऱ्यांतही स्टकलीच होते. हे गृहस्थ अँग्लिकन पंथाचे दीक्षित धर्मोपदेशक होते, हे विशेष!

यानंतर रंगभूमीवर आला एक वेल्श पाथरवट. एडवर्ड विल्यम्स हे त्याचे नाव; परंतु 'योलो मॉर्गनुग' या टोपणनावाने तो ओळखला जातो. १७९२ च्या उन्हाळी अयनदिनाच्या सुमारास त्याने लंडनच्या प्रिमरोज हिलवर दगडांचे वर्तुळ मांडून वेल्श कवींचा मेळा भरविला आणि हा विधी प्राचीन ड्रुइडांपासून अखंड चालत आल्याचे सांगितले. त्यासाठी जी जुनी हस्तलिखिते त्याने पुढे केली, त्यांतील पुष्कळशी त्याने स्वतःच रचलेली होती, हे विसाव्या शतकातील संशोधकांनी सिद्ध केले. आजचे ड्रुइड उन्हाळी अयनदिनाला 'अल्बान हेव्हिन' म्हणतात. ते नावही याच योलोच्या लेखणीतून उतरलेले आहे. मात्र त्याला केवळ लबाड म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. इंग्रजी भाषेच्या रेट्याखाली दबलेल्या वेल्श भाषेला मान मिळावा ही त्याची तळमळ खरी होती. मार्ग तेवढा खोटा होता.

पुढील पायरी विसाव्या शतकातील. १९०५ च्या ऑगस्टमध्ये 'एन्शन्ट ऑर्डर ऑफ ड्रुइड्स' या मंडळाच्या शेकडो सदस्यांनी स्टोनहेंजमध्ये मोठा दीक्षाविधी केला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या वर्षांत जॉर्ज वॉटसन मॅकग्रेगर रीड यांच्या अनुयायांनी तेथे उन्हाळी अयनदिनाचा विधी करण्यास सुरुवात केली. १९१५ साली लिलावात सेसिल चब यांनी ही वास्तू ६,६०० पौंडांस विकत घेतली आणि १९१८ साली राष्ट्राला अर्पण केली. १९५१ मध्ये ब्रिटनमधील चेटूकविरोधी जुना कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने पुस्तक लिहून 'विक्का' या पंथाची जगाला ओळख करून दिली. आपला पंथ प्राचीन परंपरेचा अवशेष आहे असे त्यांचे म्हणणे होते. गार्डनर यांचे स्नेही रॉस निकल्स यांनी १९६४ मध्ये ड्रुइडांचा नवा संघ स्थापन केला. आज जगभरचे पेगन जे 'वर्षचक्र' पाळतात, त्यातील आठ सणांची मांडणी या दोघांच्या वर्तुळांत १९५० नंतरच्या दशकात पक्की झाली. त्यांतील चार सण आयर्लंडच्या जुन्या ऋतुपर्वांवरून घेतले, तर चार सूर्याच्या गतीवरून. हे आठही सण एकत्र पाळणारा कोणताही प्राचीन समाज इतिहासाला ज्ञात नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील इतिहासकार रॉनल्ड हटन यांनी १९९६ व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत ही सारी घडण तपशीलवार उलगडून दाखविली. आनंदाची गोष्ट अशी, की अनेक पेगन विचारवंतांनी त्यांचे निष्कर्ष मोकळ्या मनाने स्वीकारले.

या सणाचे आणखी एक प्रचलित नाव 'लिथा' असे आहे. ते आले कोठून? इसवी सन ७२५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील जॅरोच्या मठात राहणाऱ्या एका व्रतस्थाने कालगणनेवर लॅटिन ग्रंथ लिहिला आणि त्यात आपल्या अँग्लो-सॅक्सन पूर्वजांच्या महिन्यांची नावे नोंदवून ठेविली. जून व जुलै या दोहोंना ते 'लिथा' म्हणत, असे त्याने लिहिले आहे. हा व्रतस्थ म्हणजे आपले संत बीड! त्यांच्या ग्रंथात 'लिथा' हे महिन्यांचे नाव आहे, सणाचे नव्हे. सणाला ते नाव दिले १९७० नंतरच्या दशकात एडन केली या अमेरिकन पेगन लेखकाने. ज्या आयरिश कथांतून इतर सणांची नावे घेतली गेली, त्याही ख्रिस्ती मठवासीयांनीच लिहून ठेविलेल्या. ख्रिस्तसभेने जुने सारे पुसून टाकले, असा आरोप वारंवार होतो. त्यात काही तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. मंदिरे पाडली गेली, हे सत्य आहे. परंतु जे थोडेफार उरले ते बव्हंशी मठांतील लेखण्यांमुळे उरले, हेही तितकेच सत्य आहे.

आता आपल्या सणाकडे वळू. २४ जून हा संत योहान बाप्तिस्ता यांचा जन्मोत्सव. लूकच्या शुभवर्तमानानुसार देवदूताने पवित्र मरियेला संदेश दिला तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना होता. त्यावरून प्रभूच्या जन्माआधी सहा महिने योहानाचा जन्म धरला गेला. रोमन पद्धतीने दिवस पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून उलटे मोजीत. त्या मोजणीत २५ डिसेंबर आणि २४ जून हे दोन्ही आठवे दिवस ठरतात, आणि दोन्ही दिवस तेव्हाच्या पंचांगात अयनदिन मानले जात. नाताळानंतर दिवस वाढू लागतो आणि योहानाच्या जन्मोत्सवानंतर घटू लागतो, यात संत ऑगस्टीन यांना ख्रिस्तापुढे स्वतः लहान होऊ पाहणाऱ्या योहानाची नम्रता दिसली. मात्र त्याच संत ऑगस्टीन यांनी, उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्तीजन या दिवशी समुद्रावर स्नानाला जातात हे जुने अख्रिस्ती खूळ असल्याचे सांगून त्यांची कानउघाडणीही केली होती!

लोकांनी अर्थातच सर्वच ऐकले नाही. मध्ययुगीन युरोपात योहानाच्या पूर्वरात्री गावोगाव होळ्या पेटत. इसवी सन १४०० च्या सुमारास श्रॉपशर परगण्यातील जॉन मर्क या व्रतस्थाने आपल्या प्रवचनसंग्रहात या रात्रीच्या तीन प्रकारच्या अग्नींचे वर्णन केले आहे. इंग्लंडमध्ये प्रॉटेस्टंट सुधारणेनंतर अनेक ठिकाणी ही प्रथा मंदावली. आयर्लंडच्या पश्चिम भागात कॅथलिक शेतकऱ्यांनी ती जपली. या सणाच्या दिवसांत फुलणाऱ्या पिवळ्या फुलांच्या एका औषधी वनस्पतीला तर योहानाचेच नाव मिळाले. आजचे पेगन अयनदिनी ती वनस्पती खुडतात, तेव्हा तिला 'सेंट जॉन्स वर्ट' याच नावाने ओळखतात.

गोव्यात हाच सण 'सांजाव' म्हणून येतो. डोक्यावर पानाफुलांचे 'कोपेल' घातलेले तरुण भर पावसात विहिरींत उड्या घेतात, नव्या जावयांचे कौतुक होते आणि एलिझाबेथच्या उदरात बाळ योहानाने आनंदाने घेतलेल्या उडीचे स्मरण होते. हे अख्रिस्ती नव्हे काय, अशी शंका कधी कधी आपल्यातीलच कोणी काढतो. आफ्रिकेतील ते समुद्रस्नान आणि गोव्यातील ही विहीर यांच्यात वंशाचे नाते जोडण्यास आधार नाही. पावसाने विहिरी भरू लागलेल्या असताना पाण्याच्या संताचा सण आला, तर माणसे पाण्यात उतरणारच. प्रथा कोठून आली याहून, ती पाळणारे आज तिच्यात कोणाचे स्मरण करतात हे महत्त्वाचे. हे माप आपण स्वतःला लावतो, तर तेच पेगनांनाही लावावयास हवे. त्यांचा सण प्राचीन नसला, तरी सूर्यापुढे उभ्या राहणाऱ्या त्या माणसाची कृतज्ञता तेवढ्याने खोटी ठरत नाही.

या माणसांनी किंमतही मोजलेली आहे. १९७४ पासून स्टोनहेंजजवळ अयनदिनी मुक्त मेळा भरत असे. १९८५ साली त्यावर बंदी आली आणि १ जून रोजी तेथे निघालेल्या प्रवाशांच्या तांड्याला पोलिसांनी एका शेतात अडविले. गाड्यांच्या काचा फुटल्या, माणसे रक्तबंबाळ झाली, पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. पुढे १९९१ मध्ये न्यायालयाने त्यांच्यापैकी काहींना नुकसानभरपाई मंजूर केली. अनेक वर्षे अयनदिनी शिळांभोवती पोलिसांचे कडे असे. १९९९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने सार्वजनिक रस्त्यावर शांततेने जमण्याचा हक्क मान्य केला आणि २००० साली वर्तुळ पुन्हा खुले झाले. २०१० मध्ये 'ड्रुइड नेटवर्क' या संस्थेला धर्मप्रसारार्थ धर्मादाय संस्था म्हणून मान्यताही मिळाली.

अल्पसंख्य म्हणून जगताना आपली प्रार्थना कोणी अडवू नये, असे आपण म्हणतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, तो केवळ कॅथलिकांच्या हक्कांपुरता नव्हता. त्या शेतातील काचांचा आवाज म्हणून आपल्याही कानांवर पडावयास हवा. याचा अर्थ सूर्य आणि सूर्याचा निर्माता यांतील भेद आपण विसरावा असा नव्हे; तो भेद आमच्या श्रद्धेचा पायाच आहे. परंतु तो मांडताना खोट्या इतिहासाचा आधार आपणही घेऊ नये. योलोने आपल्या भाषेवरील प्रेमापोटी जुने कागद रचले. आपल्या गावांच्या, चर्चच्या, घराण्यांच्या कथा लिहिताना, आपला वारसा आहे त्याहून जुना दाखविण्याचा मोह आपल्यालाही होत असतो. संत बीड यांनी, ज्या पूर्वजांचा धर्म ते स्वतः पाळीत नव्हते, त्यांच्या महिन्यांची नावे कमीजास्त न करता लिहून ठेविली. आपल्या नोंदवह्यांतही तेवढाच प्रामाणिकपणा असावा, असे आम्हांस वाटते.