पर्मियन हायस्कुलाच्या बाद फेऱ्यांची शकावली व १९८८ चा निवाडा

बखर व अस्सल कागद यांत विरोध आला असतां कोणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न आपल्या संशोधनक्षेत्रांत जुनाच आहे. बखरकार प्रसंगांचा क्रम फिरवितो, दोन लढायांची एक करतो, आणि पराभव अधिक चटका लावणारा व्हावा म्हणून त्याचें स्थळही हलवितो. छापखाने, वर्तमानपत्रें व चित्रपट यांच्या काळांत असा घोटाळा उरणार नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी, हें पाहण्यासाठीं आम्हीं मुद्दाम एक दूरदेशचें व अलीकडचें उदाहरण घेतलें आहे. विषय शाळकरी मुलांच्या खेळाचा आहे, म्हणून वाचकांनीं तो हलका मानूं नये. वतनाच्या तंट्यांत जे प्रश्न उपस्थित होतात, तेच येथेंही उपस्थित झालेले दिसतात: नोंद कोणाची, ती कोणीं बदलली, आणि निवाडा लागल्यावर मूळ घटनेचें काय झालें?

अमेरिकेंतील टेक्सास राज्याच्या पश्चिम भागांत ओडेसा नांवाचें तेलखाणींचें शहर आहे. त्याचा जिल्हा एक्टर. १९४६ सालीं तेथील जुन्या ओडेसा हायस्कुलानें राज्याचें फुटबॉल विजेतेपद मिळविलें होतें. पुढें वस्ती वाढली व १९५९ सालीं पर्मियन हें दुसरें हायस्कूल निघालें. पर्मियन हें नांव त्या प्रदेशाच्या भूगर्भावरून पडलें. तें मूळचें रशियांतील पर्म प्रांताचें. तेथील प्राचीन खडकांच्या थरांना १८४१ सालीं मर्चिसन या भूशास्त्रज्ञानें तें दिलें, व त्याच कालखंडाच्या खडकांतून टेक्सासमध्यें तेल निघालें. शाळेचे रंग काळा व पांढरा. संघाचें नांव ‘पँथर्स’. ‘मोजो’ ही त्यांची रणगर्जना कशी उत्पन्न झाली याविषयीं एकाहून अधिक आख्यायिका आहेत. त्यांपैकीं एकीसही आम्ही पुराव्याचा दर्जा देत नाहीं.

येथें फुटबॉल म्हणजे अमेरिकन पद्धतीचा, लंबगोल चेंडू हातांत घेऊन पुढें रेटण्याचा खेळ समजावा. राज्यांतील शाळा विद्यार्थिसंख्येप्रमाणें वर्गांत व स्थानपरत्वें गटांत विभागलेल्या असतात. गटांतील सामने संपल्यावर वरचे संघ बाद फेऱ्यांत शिरतात, आणि तेथें एक पराभव म्हणजे हंगामाचा शेवट. राज्यविजेतेपदाची ही परंपरा १९२० पासूनची आहे. त्या पहिल्या वर्षींच ह्यूस्टन हाइट्स व क्लेबर्न यांचा अंतिम सामना ०–० असा सुटून विजेतेपद वांटून द्यावें लागलें. विजेता ठरविण्याची अडचण या परंपरेला अशी जन्मापासूनच चिकटलेली आहे.

पर्मियन हायस्कूल १९९५ पर्यंत अकरा वेळां अंतिम सामन्यापर्यंत पोंचलें. त्याची शकावली येणेंप्रमाणें:

१९६५ — सॅन अँटोनियोच्या ली हायस्कुलावर ११–६ असा जय. प्रशिक्षक जीन मेफील्ड. शाळा निघून सहा वर्षें झालीं होतीं.
१९६८ — ऑस्टिनच्या रेगन हायस्कुलाकडून १७–११ असा पराभव.
१९७० — पुन्हां त्याच रेगनकडून २१–१४ असा पराभव.
१९७२ — बेटाउनच्या स्टर्लिंग हायस्कुलावर ३७–७ असा जय. प्रशिक्षक गिल बार्टोश.
१९७५ — पोर्ट नेचेस-ग्रोव्ह्जकडून २०–१० असा पराभव.
१९८० — पोर्ट आर्थरच्या जेफर्सन हायस्कुलावर २८–१९ असा जय. प्रशिक्षक जॉन विल्किन्स.
१९८४ — ब्यूमाँटच्या फ्रेंच हायस्कुलाशीं २१–२१ अशी बरोबरी, विजेतेपद संयुक्त.
१९८५ — ह्यूस्टनच्या येट्स हायस्कुलाकडून ३७–० असा पराभव.
१९८९ — ऑल्डीन हायस्कुलावर २८–१४ असा जय. प्रशिक्षक गॅरी गेन्स.
१९९१ — सॅन अँटोनियोच्या मार्शल हायस्कुलावर २७–१४ असा जय. प्रशिक्षक टॅम हॉलिंग्सहेड.
१९९५ — कन्व्हर्सच्या जडसन हायस्कुलाकडून ३१–२८ असा पराभव.

म्हणजे सहा विजेतेपदें, त्यांतील एक संयुक्त, व पांच पराभव. या शकावलीविषयीं दोन सूचना करणें अवश्य आहे.

पहिली नांवांविषयीं. ब्यूमाँटचें फ्रेंच हायस्कूल १९८६ सालीं दुसऱ्या शाळेशीं एकत्र होऊन स्वतंत्रपणें उरलें नाहीं. ऑस्टिनच्या रेगन हायस्कुलाचें नांव २०१९ सालीं बदलून नॉर्थईस्ट झालें. ज्या मिडलंड ली हायस्कुलाचा उल्लेख पुढें यावयाचा आहे, त्याचेंही नांव पुढें बदलून लेगसी करण्यांत आलें होतें. गुलामगिरीच्या पक्षानें लढलेल्या पुढाऱ्यांचीं नांवें शाळांवरून काढण्याची जी चळवळ झाली, तिचा हा परिणाम होय. यापुढें जुनीं कात्रणें व वार्षिक अंक चाळणाऱ्यानें एकाच शाळेस दोन शाळा समजूं नये.

दुसरी सूचना बरोबरीविषयीं. १९९६ पूर्वीं बरोबरी सुटल्यास जादा खेळ देत नसत. अंतिम सामन्यांत विजेतेपद वांटून जाई. खालच्या फेऱ्यांत मात्र एकासच पुढें धाडणें भाग असल्यानें, प्रतिपक्षाच्या वीस यार्डांच्या रेषेआंत कोणता संघ अधिक वेळां शिरला तें मोजीत. अ‍ॅबिलीन हायस्कुलानें १९५४ पासून लागोपाठ ४९ सामने जिंकले. १९५७ च्या उपांत्य सामन्यांत हायलंड पार्कशीं २०–२० अशी बरोबरी झाली, आणि या मोजणीवर तो संघ बाहेर पडला. रणांत हार झाली नाहीं, पण मोहीम तेथेंच संपली. विजय हा मैदानावर ठरतो हें अर्धेंच खरें. बाकीचा अर्धा भाग नियमाच्या कागदावर ठरतो.

आतां १९८८ कडे वळूं. वरील शकावलीत या वर्षाचा उल्लेख नाहीं, कारण त्या वर्षीं पर्मियन अंतिम सामन्यास पोंचलेंच नाहीं. असें असूनही जगास पर्मियनचें नांव ठाऊक आहे तें याच वर्षामुळें. फिलाडेल्फियाचा पत्रकार एच. जी. बिसिंजर त्या हंगामांत ओडेशास येऊन राहिला व १९९० सालीं त्यानें ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेलाचे भाव १९८६ सालीं कोसळल्यानें खचलेलें शहर, गोऱ्या व काळ्या वस्तींतील दुरावा, अभ्यासाची हेळसांड, आणि सतरा वर्षांच्या मुलांच्या खांद्यांवर ठेवलेला सबंध गांवाचा अभिमान, हा त्या ग्रंथाचा विषय. याच गांवांत सुमारें एकोणीस हजार आसनांचें रॅटलिफ मैदान १९८२ सालीं केवळ शाळकरी सामन्यांसाठीं उघडलें होतें, एवढें सांगितलें म्हणजे त्या अभिमानाचें प्रमाण कळेल.

त्या वर्षीं गटसामने संपले तेव्हां पर्मियन, मिडलंड ली व मिडलंड हायस्कूल हे तीन संघ बरोबरीस आले. पुढें जाण्याच्या जागा दोनच होत्या. पर्मियनला लीनें २२–२१, म्हणजे केवळ एका गुणानें, हरविलें होतें. तिघांचा तंटा नाणेफेकीवर सोडवावयाचें ठरलें. मध्यरात्र उलटल्यावर महामार्गालगतच्या मालमोटारींच्या थांब्यावर तिन्ही प्रशिक्षक जमले. गर्दी होऊं नये म्हणून स्थळ गुप्त ठेविलें होतें, परंतु दूरचित्रवाणीवरून सर्व प्रसंग घरोघरीं दिसत होता. तिघांनीं नाणीं उडविलीं. ज्याचें नाणें इतर दोघांहून निराळें पडलें, तो मिडलंड हायस्कूलचा प्रशिक्षक बाद झाला. दोन्ही पक्षांचे साक्षीपुरावे सारखे उतरले असतां मराठेशाहींत दिव्यावर निवाडा होत असे, हें वाचकांस ठाऊक आहेच. दिव्यांत निदान ईश्वर सत्याची बाजू घेतो अशी श्रद्धा होती. या नाणेफेकींत तशी श्रद्धा कोणाचीच नव्हती, तरी निकाल तितक्याच निमूटपणें मान्य झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

नाण्यानें तारलेला पर्मियन संघ चार फेऱ्या जिंकून उपांत्य सामन्यास आला. डिसेंबरांत ऑस्टिन येथें, टेक्सास विद्यापीठाच्या मैदानावर, पावसांत, डल्लसच्या डेव्हिड कार्टर हायस्कुलाशीं गांठ पडली. पर्मियनचा १४–९ असा पराभव झाला. पुढें कार्टरनें अंतिम सामन्यांत जडसनला ३१–१४ असें नमविलें.

याच ग्रंथावरून २००४ सालीं चित्रपट निघाला, आणि बखरीचे सर्व गुणदोष त्यांत एकवटले. चित्रपटांत हाच सामना अंतिम सामना झाला आहे. स्थळ ऑस्टिनऐवजीं ह्यूस्टनचें छतबंद ॲस्ट्रोडोम, आणि गुणसंख्या ३४–२८. संघाचा प्रमुख धावपटू प्रत्यक्षांत हंगाम सुरू होण्यापूर्वींच, लबक येथील सरावसामन्यांत, जायबंदी झाला होता. चित्रपटांत तो हंगामाच्या सामन्यांत कोसळतो. आज हा पराभव ज्यांस ठाऊक आहे, त्यांतील बहुतेकांस तो चित्रपटांतीलच ठाऊक असणार. अवघ्या सोळा वर्षांत, हजारों प्रत्यक्षदर्शी हयात असतां, स्थळ, फेरी व निकाल तिन्ही बदलले. बखरकारांस आपण कालाच्या अंतराचा दोष देतों. येथें तें अंतरही नव्हतें. कथेची ओढच असें करविते.

आतां मुख्य निवाड्याकडे येऊं. टेक्सासमध्यें १९८४ सालीं असा कायदा झाला होता कीं, कोणत्याही विषयांत सत्तर गुणांहून कमी पडलेल्या विद्यार्थ्यास सहा आठवडे खेळतां येऊं नये. कार्टरच्या एका खेळाडूचे बीजगणिताचे गुण उत्तीर्ण होण्यास पुरेसे होते कीं नव्हते, गुण मोजण्याची कोणती पद्धत ग्राह्य धरावयाची, व ते कोणाच्या अधिकारानें बदलले, यावर हंगाम चालू असतांनाच वाद पेटला. शिक्षक, मुख्याध्यापक, राज्याचे शिक्षणाधिकारी व न्यायालयें या सर्वांपुढें तें प्रकरण फिरलें. न्यायालयाच्या तात्पुरत्या हुकुमावर कार्टरचा संघ खेळत राहिला व जिंकत राहिला. अखेर निर्णय त्याच्या विरुद्ध गेला. १९८८ चें विजेतेपद कार्टरकडून काढून जडसनला देण्यांत आलें, व आज विजेत्यांच्या यादींत त्या वर्षापुढें जडसनचेंच नांव आहे.

जुन्या कागदांचे संग्राहक खाडाखोडीचें महत्त्व जाणतात. येथें गुणपत्रकांतील एका विषयाच्या आंकड्यानें, एकही सामना पुन्हां न खेळतां, राज्याचा विजेता बदलला. पण या निवाड्यानें पर्मियनचें काय झालें? कांहींच नाहीं. ज्या संघानें त्यांस हरविलें तो खेळण्यास अपात्र होता असें ठरलें, तरी पर्मियनचा पराभव पराभवच राहिला. अंतिम सामन्यांतील प्रतिस्पर्ध्यास न्याय मिळाला. उपांत्य सामन्यांतील प्रतिस्पर्ध्यास, व त्याच्याही आधीं कार्टरकडून बाद झालेल्यांस, न्याय देण्याची सोय कोणत्याच कागदांत नव्हती. आणि कार्टरच्या ज्या मुलांच्या गुणांविषयीं कसलीही शंका नव्हती, त्यांचें श्रमानें मिळविलेलें पदही त्याबरोबर गेलें. कागद नोंद दुरुस्त करूं शकतो. घटना दुरुस्त करणें त्याच्या हातीं नाहीं.

यावरून कागद निरुपयोगी असें आमचें म्हणणें नाहीं. उलट, कागद नसता तर १४–९ हा खरा आंकडा चित्रपटाच्या गोंगाटांत कधींच बुडाला असता. परंतु केवळ यादी वाचणारास १९८८ पुढें जडसन एवढेंच दिसेल. ती नाणेफेक, तो पाऊस, मैदानावर जिंकलेला संघ व त्याच्याकडून हरलेला संघ, यांपैकीं कांहींच तीत नाहीं. यादी खरी आहे, पण तिचा खरेपणा अपुरा आहे. बखर खोटी आहे, पण एका वर्षीं एका गांवांतील मुलांस काय सोसावें लागलें, याची जाणीव जगास तिच्यामुळेंच झाली.

शेवटीं एक गोष्ट नमूद करून हा लेख संपवितों. पुढच्याच वर्षीं, १९८९ सालीं, त्याच गॅरी गेन्सच्या हाताखालीं पर्मियननें सोळाच्या सोळा सामने जिंकले व राज्यविजेतेपद मिळविलें. त्या वर्षीं नाणें उडवावें लागलें नाहीं, गुणांचा वाद झाला नाहीं, आणि ग्रंथकारही गांवांत राहिला नव्हता. तो निर्दोष हंगाम आज शकावलीच्या एका ओळींत आहे. हरलेल्यांस बखर मिळाली व जिंकलेल्यांस यादी. दोहोंचा मेळ घालून वाचणें हेंच संशोधकाचें काम, मग दप्तर पेशव्यांचें असो वा एखाद्या शाळेचें.