ठेव कुणाची?

'ठेव' हा आपल्या भाषेतला मोठा नेमका शब्द आहे. ठेव दुसऱ्याच्या हाती असते, पण त्याची होत नाही. आपली पत्रे, छायाचित्रे, लेखनाचे कच्चे खर्डे आज परक्या कंपन्यांच्या संगणकांवर, म्हणजे 'क्लाउड'वर असतात. ही ठेवच आहे काय, या प्रश्नाला क्लाउडपेक्षा फार जुना इतिहास आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ साली जॅक्सन खटल्यात सांगितले, की टपालातले बंद पत्र हे पाठवणाऱ्याच्या घरातल्या कागदाइतकेच सुरक्षित आहे. ते उघडायला वॉरंट हवे. पण १९७६ च्या मिलर खटल्यात त्याच न्यायालयाने बँकेतल्या नोंदींना हे संरक्षण नाकारले. स्वेच्छेने दुसऱ्याला माहिती देणारा ती सरकारच्या हाती पडण्याचा धोकाही पत्करतो, असा तो युक्तिवाद होता. सोपवणे म्हणजे जणू सोडून देणे!

१९८६ च्या अमेरिकी कायद्याने ई-मेलला संरक्षण दिले खरे. मात्र साठवणाऱ्याकडे १८० दिवसांहून अधिक काळ राहिलेला संदेश मिळवण्यास वॉरंटची अट ठेवली नाही. तेव्हा साठवण महाग होती; इतके दिवस कोणी संदेश मागे ठेवील, असे वाटत नव्हते. साहित्याच्या अभ्यासकाला यातली विसंगती जाणवेल. पत्र जुने होते तसे आपल्या लेखी त्याचे मोल वाढते. कायद्याच्या लेखी ते बेवारस झाले. पुढे २०१० मध्ये वॉरशॅक खटल्यात तेथील एका अपील न्यायालयाने ई-मेलच्या मजकुरासाठी वॉरंट आवश्यक ठरवले. २०१८ च्या कार्पेंटर निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल कंपनीकडील दीर्घकाळच्या ठावठिकाण्याच्या नोंदींनाही संरक्षण दिले.

आपल्याकडे हा प्रश्न कॅनरा बँकेच्या खटल्यात आला. आंध्र प्रदेशातील मुद्रांक कायद्याच्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या कोणालाही कागदपत्रे तपासण्याची मुभा दिली होती. २००४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली. खासगीपणा जागेचा नसून व्यक्तीचा असतो, म्हणून कागद बँकेत गेला तरी त्याची गोपनीयता संपत नाही, ही भूमिका घेताना मिलरचा मार्ग न्यायालयाने नाकारला. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण त्यातून आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे.

तेव्हा वाद मिटला, असे म्हणता येत नाही. लिहिणाऱ्यांसाठी तो केवळ वकिलांचा नाही. खर्ड्यात माणूस चुकतो, खोडतो, उद्या नाकारील असे काही लिहून पाहतो. तो खर्डा आपल्याला न कळवता कुणी वाचील, अशी शंका आली, की हात आधीच आखडतो. आणि न लिहिले गेलेले वाक्य कुठल्याही न्यायालयात दाद मागू शकत नाही.