पैलवानाची हलाल कमाई
भोकरदनला माझ्या वर्गातला कुस्ती खेळणारा एक पोरगा विचारतो, "सर, डब्यातली पावडर घेतल्याशिवाय पैलवान होता येतं का?" मी त्याला नरसिंग यादवची गोष्ट सांगतो.

२०११ ते २०१३, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. २०१५च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ, त्यातूनच रिओ ऑलिम्पिकला ७४ किलो गटाची जागा. २०१६च्या चाचणीत मात्र मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. कुणीतरी आपल्या खाण्यापिण्यात कालवलं, असं त्याचं म्हणणं. 'नाडा'ने ते मानलं आणि तो रिओला गेला. पण १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते फेटाळून चार वर्षांची बंदी घातली.

अमेरिकेतल्या बेसबॉलचंही तसंच. बॅरी बाँड्सचे ७६२ होमरन हा विक्रम आजही कायम आहे. पण स्टेरॉइडच्या संशयामुळे पत्रकारांनी दहाही वर्षं मतं कमी देऊन त्याला 'हॉल ऑफ फेम'बाहेर ठेवलं.

संशय एकावर येतो, पण पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या गरीब पोरालाही तो चिकटतो. त्याचं बाळसं बघूनही लोक हसून म्हणतात, "इंजेक्शनचं असेल." म्हणून त्या पोराला मी एवढंच म्हणालो, "बेटा, हलाल कमाई पैशाची असते, तशी ताकदीचीही असते."