कमरेवरचा डबा: खाणीतला दिवा आणि पाण्याखालचा दिवा

‘नेमकं काय करतोस तू तिकडे?’ डोणगावात हा प्रश्न मला बसस्टँडपासून घरापर्यंत तीनदा तरी विचारला जातो. एम.एस्सी. फिजिक्स केलेल्या माणसाने बॅटऱ्यांचा इतिहास कशाला लिहायचा, हे पटवून देणं जरा अवघडच आहे. म्हणून आज त्यातला एकच छोटा तुकडा सांगतो. माणसाने दिव्याची बॅटरी अंगावर कुठे आणि कशी बांधली? प्रश्न किरकोळ वाटतो. पण पाण्याखालच्या गुहेत शिरणाऱ्या पाणबुड्यासाठी त्याच्या उत्तरावर जोडीदाराचा जीव अवलंबून असतो.

आपल्याकडे ही वस्तू कुणाला नवी नाही. रब्बीत लाइन रात्रीची असली की गव्हाला पाणी द्यायला निघालेला माणूस कपाळावर दिवा बांधतो, वायर पाठीमागून खाली आणतो आणि बॅटरी कमरेला नाहीतर खिशात ठेवतो. दोन्ही हात फावड्याला मोकळे. ही रचना मुळात आली खाणीतून. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा दिला, त्याने मिथेनचे स्फोट कमी होणार होते, पण तो हातात धरावा लागायचा आणि उजेडही बेताचाच. अमेरिकेत १९१२ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या जेड इथल्या खाणीत मोठा स्फोट झाला. त्यानंतर ब्युरो ऑफ माइन्समधले दोन अभियंते, जॉन रायन आणि जॉर्ज डाइक, थॉमस एडिसनकडे विजेच्या दिव्यासाठी गेले. १९१४ साली त्यांनी माइन सेफ्टी अप्लायन्सेस ही कंपनी काढली. एडिसनच्या बॅटरीवरचा टोपीचा दिवा एका चार्जवर १२ तास चालायचा, म्हणजे पाळी संपून वर काहीतरी उरायचं.

दिव्याचं कौतुक बरंच झालंय. माझं लक्ष मात्र पट्ट्याकडे जातं. बॅटरी कमरेच्या पट्ट्यात मागे, वायर पाठीवरून वर टोपीच्या खाचेत. खाणकामगार पुढे वाकतो, रांगतो, कोळशाला अंग घासत जातो, म्हणून पुढची बाजू मोकळी हवी. चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातल्या भूमिगत खाणींमध्येही माणूस खाली जाण्याआधी लॅम्प रूममधून आपल्या नंबरचा दिवा घेतो. पाळी सुटल्यावर एखादी जागा रिकामी दिसली की कोण वर आला नाही ते लगेच कळतं. दिवा उजेड देतो आणि हजेरीही देतो.

आता पाणबुड्याच्या अंगावर हेच बांधून बघा. पाठीवर सिलिंडर, म्हणजे मागची जागा गेली. पोटाकडे बांधावं तर गुहेच्या तळातला गाळ ढवळला जातो, आणि गाळ उठला की पुढचं काहीच दिसत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लोरिडाच्या झऱ्यांमधल्या गुहांत उतरणाऱ्यांनी घरीच अ‍ॅक्रिलिकचे डबे बनवून त्यात लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या बसवल्या. हे जड डबे बरेच जण सिलिंडरच्या खालच्या टोकाला, बुडाशी टांगायचे. तिथे हात पोचत नाही, आणि वायर कशात अडकली तर ती सोडवायला दुसरा माणूस लागतो.

डब्याचं साधं गणित करू. झाकण १० सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. ३० मीटर खोलीवर पाण्याचा जास्तीचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३ किलो. म्हणजे झाकणावर २३० किलोंच्या वर भार, दोन क्विंटलहून जास्त सोयाबीन! गंमत म्हणजे हा भार झाकण आणखी घट्ट बसवतो. उलटा धोका आतून असतो: बॅटरीतून हायड्रोजन सुटून डब्यात साठला तर वर आल्यावर झाकण उडू शकतं. वजनाचंही तसंच. हाच डबा २० सेंटिमीटर लांब असेल तर तो सुमारे दीड लिटर पाणी बाजूला सारतो. डबा-बॅटरी मिळून ३ किलो असेल तर पाण्यात त्याचा भार दीड किलोच्या आसपास उरतो. एका बाजूला दीड किलो लोंबकळलं की माणूस तिकडे कलतो. फवारणीच्या पंपाचा पट्टा सैल राहिला की काय होतं ते ज्याला माहीत आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको.

शेवटी उत्तर सापडलं ते उजव्या कुशीला. बिल मेन नावाच्या फ्लोरिडातल्या पाणबुड्याच्या मधल्या नावावरून ‘हॉगार्थियन’ म्हटली जाणारी ही मांडणी. सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीचा नायलॉनचा अखंड पट्टा खांद्यांवरून कमरेपर्यंत येतो. कमरेच्या पट्ट्यात डबा ओवायचा आणि त्याच्या पुढे आणखी एक बक्कल लावायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही.  डबा शरीराच्या रेषेत, बरगडीच्या खाली, अंगाला चिकटून. लोंबकळणारं काही नाही.

पण उजवीकडेच का? मला या सगळ्यात सर्वांत आवडलेला भाग हा. डावीकडे आधीच गर्दी असते: दाबमापक, जादा सिलिंडर अडकवायची कडी. उजव्या खांद्यामागून निघते सुमारे २ मीटर लांबीची हवेची नळी. ती खाली येते, डब्याखालून वळते, छातीवरून तिरपी डाव्या खांद्याकडे जाते आणि मानेमागून तोंडापाशी येते. एवढी लांब कशाला? जोडीदाराची हवा संपली तर तोंडातलाच रेग्युलेटर त्याला द्यायचा असतो, आणि अरुंद बोळातून दोघांना एकामागे एक बाहेर यावं लागतं. नळीचा ढिला वेढा डब्याखाली दाबलेला राहतो आणि हवा तेव्हा झटक्यात सुटतो. मात्र दिव्याची वायर नळीच्या वरून गेलेली असेल तर नळी तिथेच अडकते. म्हणून दिवा डाव्या हातात आणि वायर नळीच्या खालून, हा नियम. डबा कुठे बसवायचा हे दिव्याने ठरवलंच नाही, श्वासाने ठरवलं.

शेक एक्सलीने १९७९ साली ‘बेसिक केव्ह डायव्हिंग’ या छोट्या पुस्तकात गुहेतल्या मृत्यूंचा हिशोब मांडला. बाहेर नेणारी दोरी नसणं, परतीसाठी पुरेशी हवा न राखणं, फार खोल जाणं ही त्याची मुख्य कारणं. तीन दिव्यांचा नियमही याच परंपरेतला: एक मुख्य, दोन राखीव. एक्सली स्वतः १९९४ साली मेक्सिकोतल्या साकातोन या विवरात गेला.

ब्रिटिशांनी मात्र ही वाट धरली नाही. तिथले गुहा-पाणबुडे मुळात डोंगरातल्या गुहांत रांगणारे, खाणीचे जुने दिवे वापरून वाढलेले, म्हणून त्यांचा दिवा हेल्मेटवरच राहिला. २०१८ च्या जुलैमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक शोधून काढणारे रिक स्टँटन आणि जॉन वोलँथन याच परंपरेतले. त्याच गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही होते. पण मुलांच्या सुटकेच्या बातम्या वाचताना दिवा कुठे बांधलाय हे कोण बघणार? मी बघत होतो.

तारकर्लीला प्रवाळ बघायला उतरणाऱ्याला यातलं काही लागत नाही, हातातला टॉर्च पुरतो. गुहांतही आता लिथियम बॅटरी आणि एलईडीने डबा फार लहान केलाय, काही दिवे तर डब्याशिवायच मनगटावर बसतात. तेव्हा एक नवीच अडचण आली: डबा गेला, आता नळीचा वेढा दाबायचा कशाखाली? काही जण तो कमरेच्या पट्ट्यातच खोचतात. बाकीच्यांनी डब्याच्या जागी चाकूचं म्यान किंवा छोटी पिशवी लावली. बॅटरी निघून गेली तरी तिची जागा कुणी रिकामी केली नाही.